न विचारता घेतलेला होकार

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मी लग्नानंतर अकरा वर्षं एक शब्दही बोलले नव्हते. आमचं भांडण नव्हतं. आमच्याकडे धाकट्याची बायको थोरल्याशी बोलत नाही, एवढंच. ते अंगणात आले की पदर पुढे ओढायचा, बाजूला सरकायचं. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं. जाऊ त्यांना सांगणार, आणि त्यांचं उत्तर असलंच तर तेही तिच्याच तोंडून येणार. शहरातल्या बायका हे वाचून हसतील. हसू देत. त्यांच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही ते मी विचारायला गेलेले नाही.

अकरा वर्षांनी मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "भाऊजी, ताना कापू नका." त्यानंतरची नऊ वर्षं मी कोर्टात काढली.

तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही आंधळगावचे, विणकर घर. घरात कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं निघायचं. मागावर नवरा बसायचा, पण माझ्याशिवाय त्याचा माग पुढे सरकत नव्हता. हे मी बढाई मारून सांगत नाही. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की त्याच्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा धागा जोडावा लागतो. गाठ मारून चालत नाही, गाठ फणीत अडकते. दोन टोकं चिमटीत धरायची, बोटाला किंचित राख लावायची आणि आंगठ्यानं असा पीळ द्यायचा की जोड कुठे आहे ते विणणाऱ्यालाही कळू नये. असे हजारो धागे. माझा जोड तुटत नाही म्हणून चार गल्ल्यांतून लोक मला बोलवायला यायचे. दहावीपर्यंत शिकले होते मी, पण माझी खरी अक्कल उजव्या हाताच्या आंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात होती.

दोन भावांची दोन घरं आणि मध्ये एक लांब पट्टी मोकळी. सासऱ्यांनी ती वाटली नव्हती, दोघांचीच ठेवली होती. सकाळी उन्हं चढायच्या आत आम्ही तिथे ताणा पसरायचो, गल्लीतले लोक येऊन टोकं धरायचे, मग त्यांच्या ताण्याला आम्ही जायचो. भासऱ्यांनी माग केव्हाच सोडला होता. त्यांनी धानाची शेती केली, बरी झाली, आणि त्यांना ती पट्टी पुंजन्यासाठी हवी झाली. पुंजना म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची गंजी. समोरासमोर मागितली असती तर बोलून काही ठरवता आलं असतं. ते जावेकडून निरोप पाठवत राहिले आणि आम्ही जावेकडूनच नकार पाठवत राहिलो.

त्या सकाळी ताणा पसरलेला होता. भासरे बंडी घेऊन आले, बैल थांबवले आणि हातातल्या विळ्यानं धागे कापायला लागले. मी धावत गेले, पदराचं भान न ठेवता, आणि दोन्ही हात धाग्यांवर ठेवले. ते वाक्य तेव्हाच तोंडून गेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांना तोंडासमोर तोंड असं पहिल्यांदाच पाहत होतो. मग विळा आला. पहिला घाव उजव्या मनगटाशी लागला. तो चुकून लागला असं मी शपथेवर म्हणायला तयार होते. दुसरा घाव आंगठ्याच्या मुळाशी लागला, आणि त्यात काही चूक नव्हती. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

नवरा दारात उभा होता.

डॉक्टरांनी शिवलं, भंडाऱ्याला नेलं, परत शिवलं. आतली शीर तुटली होती. आंगठा राहिला, पण आत वळेना. चहाचा कप धरता येतो, झाडू धरता येतो, धागा मात्र धरता येत नाही. महिनाभर मी रोज सकाळी दोन धागे घेऊन बसायची आणि ते गळून पडायचे. मी रडले. खूप रडले, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

तालुक्याच्या कोर्टात खटला पाच वर्षं चालला. भासऱ्यांचं म्हणणं असं की ते धागे बाजूला करत होते, मी मध्ये येऊन पडले आणि विळ्यावर हात लागला. एकदा पडून दोन घाव कसे लागतात हे त्यांच्या वकिलाला डॉक्टरांकडून काढून घेता आलं नाही. माझ्या नवऱ्यानं साक्षीत सांगितलं, मी मागाच्या खड्ड्यात बसलो होतो, काही पाहिलं नाही. त्या दिवशी घरी येताना आम्ही एका बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो. शेजारच्या म्हातारीनं मात्र सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांचा कागद होता. दोन वर्षं सश्रम कारावास झाला. भासऱ्यांनी भंडाऱ्याच्या सेशन कोर्टात अपील केलं, जामीन मिळाला आणि ते संध्याकाळी घरी येऊन जेवले. मला आपला हात दाखवायला कोर्टात पाच वर्षं लागली, त्यांना जामिनाला एक दुपार पुरली.

अपील चार वर्षं तसंच पडून होतं. मग सुनावणीसाठी बोर्डावर आलं आणि घरात एकदम सगळ्यांना माझी आठवण झाली.

आधी जाऊ आली. शिक्षेनंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं, पण त्या दिवशी वाटीत भाजी घेऊन आली.

"काहून येवढी अडून बसली व?" ती म्हणाली. "साठीले आलेला मानूस हाये. दोन साल आत गेला तं जित्ता वापस येईन का?"

"बाई, मी कोठं अडून बसली? मी तं माह्या घरात बसली हावो."

"तू आपसी केली तं सुटून जाईन, असं वकील म्हन्ते."

"मंग त्यायले म्हना, मले इचारा."

जावेनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना देवळात चप्पल घालून यायला सांगितलं. त्यांनी मला विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलायचं. वाटी तिथेच ठेवून ती गेली. भाजी चांगली झाली होती, मी खाल्ली.

आठवड्यानं आमच्या ओसरीवर बैठक बसली. समाजातले चार जाणते पुरुष, मध्ये एक म्हातारे पंच, एका बाजूला भासरे, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. मी आतल्या दारामागे. गल्लीतल्या लोकांनी आमच्या ताण्याला हात लावायला येणं दोन वर्षांपासून बंद केलं होतं, कोणी बोलून नाही, सगळ्यांनाच त्या वेळी नेमकी कामं निघायची. बैठकीत ठरलं की पट्टीवर एव्हाना उभा राहिलेला भासऱ्यांचा पुंजना निघेल, पट्टी पुन्हा मोकळी राहील, दवाखान्याचा खर्च भासरे देतील, लोक ताण्याला येतील आणि केस मिटवायची. पुरुषांचं सगळं ठरल्यावर पंचांनी दाराकडे तोंड करून आवाज दिला.

"काय व सूनबाई, कबूल हाये ना तुले?"

भासरे पाच हातांवर बसलेले. मी गप्प. इतक्या पुरुषांत मोठ्यानं बोलायचं, तेही भासऱ्यांसमोर, हे माझ्या जिभेला येतच नव्हतं. जावेला सांगावं तर ती परक्या बाजूची. पंचांनी थोडं थांबून मान हलवली.

"बोलली नाही, म्हंजे कबूल हाये. लिवा."

आणि त्यांनी लिहिलं. त्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्या हिशेबानं घरंदाज सून दुसरं काय करणार होती? भासऱ्यांपुढे बोलणारी सून त्यांनी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तिचा नकार कसा ऐकू येतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. राग मला माझाच आला. हाताची शीर तुटली होती, पण डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता आणि मी तो धरून उभी होते. त्या पाच मिनिटांचा राग मला अजून येतो.

तारखेच्या दिवशी आम्ही सगळे एकाच बसनं भंडाऱ्याला गेलो, वरातीसारखे. नवरा वाटेत म्हणाला, "तुले काही बोला नाही लागत. खाली उभं राह्यचं." कोर्टाच्या व्हरांड्यात भासऱ्यांच्या वकिलानं टाईप केलेला कागद माझ्यापुढे धरला. खाली नवऱ्याची सही होती, पंचांच्या सह्या होत्या आणि माझ्यासाठी पेन्सिलीची फुली. मी म्हटलं, वाचू द्या. वकील म्हणाला, त्यात काही नाही, नेहमीचाच मजकूर आहे. मी वाचला. सदर घटना गैरसमजातून घडली असून जखमीची आता काही तक्रार नाही. जखमीने पंचांसमक्ष स्वखुशीने होकार दिला आहे. अपीलकर्ता दोषसिद्धीस आव्हान देत नसून केवळ शिक्षेबाबत दया याचना करीत आहे.

"म्हंजे विळा मारला असं मानून राहिले ते?" मी विचारलं.

"तसं नाही, ताई. तो मुद्दा ते कोर्टापुढे मांडत नाहीत, एवढंच."

"मंग मारला नाही, असं मांडून राहिले का?"

"तेही नाही."

"मंग काय मांडून राहिले?"

"शिक्षा कमी करा, एवढंच मांडायचं," तो म्हणाला, आणि मला समजत नाही याची त्याला खरीच दया आली. मला सगळं समजत होतं. केलं म्हणायचं नाही, नाही केलं असंही म्हणायचं नाही, मधल्यामध्ये शिक्षा तेवढी खाली उतरवून घ्यायची. माझा हात म्हणजे त्यांच्या बोलण्यात न येणारी गोष्ट होती. मी सही केली नाही. वकील म्हणाला, काही हरकत नाही, नवऱ्याची आहे.

सरकारी वकीलबाई तिथेच फायली चाळत होत्या. मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं की माझ्या सहीशिवाय केस मिटते का. त्यांनी फाईल मिटली.

"मिटतच नाही," त्या म्हणाल्या. "तुमची सही असली तरी नाही. ही केस तुमची नाही, सरकारची आहे, आणि हे कलम आपसात मिटवण्यातलं नाही."

"मंग ह्यायले माहा कागद कायले पाह्यजे?"

"शिक्षेसाठी. दोषी तर ते राहतीलच. पण जखमी माणसानंच म्हटलं की आमचं पटलं, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. दोन वर्षांची दोन महिन्यांवर येऊ शकते, भोगली तेवढी पुरे असंही होऊ शकतं. म्हणून तुमचं नाव लागतंय."

मी तिथल्या लाकडी बाकावर बसले. नऊ वर्षं मला वाटत होतं की माझ्या बोलण्यानं काही होत नाही. साक्ष दिली, जखम दाखवली, परत दाखवली, आणि शेवटी कागद डॉक्टरांचा, निकाल साहेबांचा. आणि इथे एक बाई मला सांगत होती की माझ्या एका 'हो'वर एका माणसाचं पावणेदोन वर्षांचं आयुष्य तोललेलं आहे. इतका वजनदार होकार माझ्याजवळ होता म्हणूनच तो न विचारता घेतला गेला होता. मला त्या क्षणी इतका संताप आला की हातातली पिशवी मी दोनदा उगीच उघडली आणि बंद केली.

कोर्टात वकिलानं कागद पुढे केला. न्यायाधीश साहेब बाहेरगावचे, चष्म्यातून वाचून त्यांनी विचारलं, "जखमीची सही दिसत नाही. जखमी हजर आहे?"

मी उभी राहिले. भासरे माझ्यापासून चार पावलांवर. पदर डोक्यावर होता, तो राहू दिला, पण मागे सारला.

"बाई, तुम्ही होकार दिला का?"

"नाही, साहेब. मी बोललीच नाही."

"नाही म्हणालात?"

"नाही बी नाही म्हटलं. भासरे बसले होते ना तेथं."

साहेबांना कळेना. सरकारी वकीलबाईंनी आमची रीत थोडक्यात सांगितली. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ते तर आताही समोर उभे आहेत."

"आता बोलून राहिली, साहेब," मी म्हटलं. मागच्या बाकावर पंचांनी घसा खाकरला. मला तो आवाज ओळखीचा होता, आणि त्या दिवशी मला त्याची भीती वाटली नाही.

साहेबांनी मला सरळ विचारलं की मला खरंच समझोता करायचा आहे की नाही, कोणाचा दबाव आहे का. मी सांगितलं की करायला माझी ना नाही. साठीचा माणूस तुरुंगात सडावा अशी माझी इच्छा नाही. त्यानं माझा आंगठा वळणार नाही. पट्टी नको, खर्च नको. माझी अट एकच. 'विळा मी मारला,' हे त्यांनी मला सांगावं. मला. वकिलाला नाही, साहेबांना नाही, माझ्या नवऱ्याला नाही.

"कोर्ट कुणाला माफी मागायला लावत नाही," साहेब म्हणाले.

"माफी नको, साहेब. झालं तेवढंच सांगा म्हना."

साहेबांनी पंधरा दिवसांची तारीख दिली.

ते पंधरा दिवस घरात चूल पेटली की लगेच भांडण पेटायचं. जाऊ दारात येऊन रडून गेली, दुसऱ्या दिवशी येऊन शिव्या देऊन गेली. "एका शब्दासाठी मानसाले जेलात घालते! बाई हाये का कोन हाये?" मी म्हटलं, शब्द एकच आहे ना, मग बोला म्हणावं, किती वेळ लागतो? नवरा रात्री जेवायला बसला की ताटातच बोलायचा, वर पाहायचा नाही. "दादा तुह्याशी कसा बोलन? कधी बोलला का तो?" मी म्हटलं, विळा उगारताना रीत आडवी आली नाही, आता कशी येते? त्यावर तो हात धुवायला उठायचा. गल्लीत मला 'कोर्टवाली' नाव पडलं. मी पाण्याला जायची तर बायका बाजूला व्हायच्या, पूर्वी मी भासऱ्यांपुढे व्हायची तशा.

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. एका दुपारी मी भासऱ्यांना आवारात पाहिलं. खाली बसून ते दोरी वळत होते, पीळ पुन्हा पुन्हा सुटत होता. मनात आलं, हो म्हणून टाकावं, संपवावं. मग मी माझ्याच हाताकडे पाहिलं. तेवढ्यानं माझं मन पुन्हा जागेवर आलं. कनवाळू व्हायची पाळी दर वेळी माझ्याचकडे का यावी? ज्यानं केलं त्याच्याकडे ती एकदाही येऊ नये?

दुसऱ्या तारखेला साहेबांनी भासऱ्यांना पुढे बोलावलं. वकिलानं त्यांच्या कानात काही सांगितलं. ते उठले. कोर्टात बरीच गर्दी होती, सगळी आपापल्या केसची, पण तीही गप्प झाली. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या नवऱ्याकडे वळले.

"सांग तिले," ते म्हणाले. "झालं ते झालं म्हना. हातून झालं."

सगळ्यांना हायसं वाटलं, ते मला दिसलं. वकिलानं श्वास सोडला. पंचांनी मान हलवली. रीतही राहिली आणि कामही झालं. आता नवरा माझ्याकडे वळून म्हणणार, दादा असं म्हणतो, आणि मी पदराआडून मान हलवणार.

नवरा वळला नाही. तो भावाकडेच पाहत होता. आयुष्यात भावापुढे आवाज न चढवलेला माणूस, आणि तेव्हाही त्यानं चढवला नाहीच.

"दादा," तो म्हणाला, "तूच सांग."

भासरे उभे राहिले. मीही उभी. मी म्हटलं, "मी येथंच हावो, भाऊजी. सांगा."

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, येतंय.  साहेबांनी एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा साहेब माझ्याकडे वळले.

"बाई, ते म्हणाले ते तुम्ही ऐकलं. एवढं तुम्हाला पुरेसं आहे का?"

दोन वर्षं त्या प्रश्नाला लोंबकळत होती. जाऊ मागच्या बाकावर हात जोडून बसली होती, देवाला की मला, कोण जाणे. मी हो म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी सगळे एकाच बसनं परत आलो असतो. गल्ली पुन्हा माझी झाली असती. मला सगळं दिसत होतं.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "नाही पुरत."

निकालात साहेबांनी लिहिलं की जखमीची संमती नसल्यानं समझोत्याचा विचार करता येत नाही. परंतु अपीलकर्त्याचं वय आणि मधे गेलेली वर्षं पाहता दोन वर्षांची शिक्षा एक वर्ष करण्यात येते. वयाचं आणि वर्षांचं साहेबांनी बघितलं, ते त्यांचं काम. मी कुरकुर केली नाही. माझ्या नावानं मात्र एक दिवससुद्धा कमी झाला नाही. पोलीस त्यांना घेऊन गेले. वर नागपूरला हायकोर्टात जायची वाट होती, पण भासरे गेले नाहीत. वकील म्हणे फार सांगत होता. मला वाटतं, तिथेही कोणी तोच प्रश्न विचारेल, अशी त्यांना धास्ती होती.

परतीच्या बसमध्ये नवरा माझ्याच बाकावर येऊन बसला. मोहाडी मागे पडल्यावर तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मी पाह्यलं होतं."

"मले माहीत हाये," मी म्हटलं. "तुमी पाहून राहिले होते, ते मी पाह्यलं होतं."

 मी विषय तिथेच सोडला, कारण नऊ वर्षं उशिरा का होईना, त्यानं ते मला सांगितलं होतं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गावात बोभाटा झाला की धाकटीनं भासऱ्याला जेलात घातलं. कोणी तोंडावर म्हटलं तर मी उत्तर द्यायची, मी नाही घातलं, एका वाक्यापेक्षा वर्षभराचा तुरुंग त्यांना सोपा वाटला. हे उत्तर कोणाला आवडत नसे. मी ते बदललं नाही.

भासरे वर्ष पुरं व्हायच्या थोडं आधी सुटून आले. वाळले होते. अंगणात खाटेवर बसले आणि जाऊ त्यांच्यासमोर मला म्हणाली, "आता तरी समाधान झालं ना तुह्यं?"

"अर्धं झालं," मी म्हटलं. मग तिला सोडून मी खाटेकडे वळले. "बाकीचं अर्धं तुमच्यापाशी हाये, भाऊजी. मले घाई नाही. पन तुमच्या तोंडूनच घेईन."

ते खाटेवरून उठले आणि आत गेले.

आता जाऊ नाही. ती गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांची मुलं नागपूरला असतात, सणाला येतात. भासऱ्यांची पंचाहत्तरी केव्हाच उलटली, डोळ्यांना फारसं दिसत नाही, आणि त्यांचं दोन वेळचं ताट माझ्या चुलीवरून जातं. मीच नेते, डाव्या हातानं ताट आणि उजव्या हाताच्या धड बोटांत पाण्याचा गडवा. लोकांना वाटतं मी माफ केलं. मी केलेलं नाही. ताट समोर ठेवते, भात कुठे आहे, वरण कुठे आहे ते त्यांचा हात धरून दाखवते, आणि ते पहिला घास घ्यायच्या आधी विचारते, "बोलता का, भाऊजी?" ते मान खाली घालून जेवतात. जेवण उरलं नाही पाहिजे, यावर माझं लक्ष असतं. संध्याकाळी पुन्हा ताट नेते आणि पुन्हा विचारते.